मांजराचा चिवट नायटा

धान्याच्या कणगीभोवती उंदरांचा बंदोबस्त ठेवणारे मांजर आपल्याकडे घरातीलच एक मानले जाते आणि मुलांच्या अंथरुणातही ते हक्काने निजते. म्हणूनच त्याच्या कानावर वा पायावर पडलेला, केस झडून कोंडा धरलेला चट्टा महिनोन् महिने बरा होत नसेल, तर तो प्रश्न एकट्या मांजराचा राहत नाही.

असे चट्टे पिसवांमुळे पडतात, खरजेच्या किडीमुळे पडतात, तसेच नायट्यामुळेही पडतात. नुसत्या डोळ्यांनी त्यांतील भेद ओळखणे अवघड असते. नायटा हा बुरशीजन्य रोग होय. मांजरांत तो बहुतांशी ‘मायक्रोस्पोरम कॅनिस’ या बुरशीमुळे होतो. नावात कुत्रा असला तरी तिचा मुख्य आश्रय मांजरच! अतिनील दिव्याखाली बाधित केस पुष्कळदा हिरवट चकाकतात. परंतु ते चकाकले नाहीत म्हणून रोग नाही, असे ठरत नाही. केसांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि प्रयोगशाळेत बुरशीची वाढ करून पाहणे, हाच खात्रीचा मार्ग होय.

रोग उलटण्याचे खरे कारण मात्र घरात असते. झडलेल्या केसांवरील बीजाणू गोधडी, गोणपाट, चटई यांत वर्षभरही तग धरू शकतात. मांजराला औषध आणि गोधडीला अभय, असा प्रकार झाल्यास उपचार व्यर्थ जातो. केस रोज झाडून गोळा करावेत, अंथरुणे वरचेवर धुवावीत, फरशी साबणाने स्वच्छ करून मग विरंजक द्रावाने पुसावी. घरातील इतर मांजरांचीही तपासणी करून घ्यावी. चट्टा नसलेले मांजरही बीजाणू वाहून नेते.

फिनेल, रॉकेल, जळके तेल लावण्याची प्रथा घातक आहे. मांजर अंग चाटते. शिवाय फिनॉलसारखी द्रव्ये निकामी करण्याची शक्ती त्याच्या यकृतात फारच कमी असते. कुत्र्यांसाठी मिळणारी परमेथ्रिनयुक्त औषधेही मांजराच्या जिवावर बेततात. पोटातून द्यावयाचे बुरशीनाशक औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे आणि केस उगवले म्हणून ते मध्येच बंद करू नये.

विद्यार्थ्याच्या डोक्यावर केस गेलेला गोल चट्टा दिसल्यास शिक्षकांनी घरी मांजर आहे काय, हे अवश्य विचारावे. मुलाला डॉक्टरांकडे पाठवावे. परस्पर आणलेल्या स्टिरॉइडमिश्रित मलमाने खाज तेवढी शमते, बुरशी आतल्या आत पसरत राहते.