चर्चच्या शाळेत शिक्षक व्हायचंय? मग हे दोन कागद वेगळे ओळखा



परवा झरीच्या बाजारात एक ओळखीचे पालक भेटले. हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाले, "सर, पोरीला पुण्याकडच्या एका मिशनच्या शाळेत बोलावलंय. ॲडव्हेंटिस्ट का काय म्हणतात, त्यांची. तिसरीचा वर्ग देतो म्हणतात. ज्यानं जागा सांगितली तो म्हणतोय, टीईटी-बिईटी काही लागत नाही. पाठवू का?"

पोरगी बी.एस्सी., बी.एड. आहे. मी लगेच 'हो' म्हणालो नाही आणि 'नाही'ही म्हणालो नाही. प्रश्न एकीचा नव्हता. आपल्या भागातली कितीतरी मुलं-मुली डी.एड., बी.एड. करून घरी बसली आहेत, आणि अशी जागा समोर आली की कोणती अट कुणाची हेच कळत नाही. म्हणून हा पाठ सविस्तर लिहितोय.

१) ॲडव्हेंटिस्ट शाळा म्हणजे कोणत्या?

सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ. त्याची संघटना १८६३ साली अमेरिकेत स्थापन झाली. आठवड्याचा सातवा दिवस, म्हणजे शनिवार, हा त्यांचा विसाव्याचा आणि उपासनेचा दिवस. शुक्रवारी सूर्य मावळला की कामं थांबतात, ती शनिवारी सूर्य मावळेपर्यंत. जगभर त्यांच्या शाळा आहेत. बुद्धी, शरीर आणि आत्मा या तिन्हींचं शिक्षण एकत्र व्हावं, हा त्यांचा आग्रह. हाताने काम करणं हा तिथं शिक्षणाचाच भाग समजतात.

आपल्या महाराष्ट्रातलं त्यांचं मोठं केंद्र म्हणजे पुण्यात औंधला असलेलं स्पायसर. १९१५ साली कोइमतूरला सुरू झालेली ही संस्था पुढे बंगळूरला गेली आणि १९४२ मध्ये पुण्यात आली. २०१४ च्या राज्याच्या कायद्याने तिचं स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ झालं. जुन्या पुणेकरांना स्पायसरची बेकरी ठाऊक असते. 'शिकता शिकता काम' या विचाराशी तिचं नातं आहे.

२) पहिला कागद : सरकारमान्य पात्रता

शाळा कुणाचीही असो, शिक्षकाची पहिली ओळख ही पात्रता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेत पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी किमान पात्रता ठरवली. सोप्या भाषेत बघू या.

- पहिली ते पाचवी : बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड. (आपलं जुनं डी.एड.) आणि टीईटीचा पेपर एक.
- सहावी ते आठवी : पदवी, त्यासोबत डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि टीईटीचा पेपर दोन.
- नववी-दहावी : विषयाची पदवी आणि बी.एड. इथं टीईटीची अट नाही.

टीईटीचा प्रत्येक पेपर १५० गुणांचा, वेळ अडीच तास. उत्तर चुकलं म्हणून गुण कापत नाहीत. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात. २०२१ पासून या प्रमाणपत्राची मुदत आयुष्यभराची झाली आहे. एकदा पास झालं की झालं.

आता त्या पोरीची अडचण लक्षात आली का? ती बी.एड. आहे आणि वर्ग मिळतोय तिसरीचा. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. लहान मुलाला वाचायला-लिहायला शिकवणं हे वेगळं शास्त्र आहे आणि त्याचं प्रशिक्षण डी.एल.एड.मध्ये मिळतं. बी.एड. वरचढ आणि डी.एड. कमी, असं आपण गावात बोलतो. ते डोक्यातून काढून टाका.

३) दुसरा कागद : संस्थेची स्वतःची तयारी

ॲडव्हेंटिस्ट शिक्षणव्यवस्थेत शिक्षकाला पंथाचं स्वतंत्र प्रमाणपत्र देण्याचीही पद्धत आहे. उत्तर अमेरिकेत ती नीट बांधलेली दिसते. बेसिक, स्टँडर्ड, प्रोफेशनल अशा चढत्या पायऱ्या आहेत. चर्चचं सभासदत्व, पदवी आणि अध्यापनाचं शिक्षण तर हवंच, शिवाय बायबल, पंथाची शिक्षणदृष्टी आणि आरोग्याची तत्त्वं यांचे अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात. प्रमाणपत्राचं नूतनीकरण असतं, त्यासाठी शिक्षकाला शिकत राहावं लागतं.

ही पद्धत मला आवडते. शिक्षकाने एकदा पदवी घेतली की पुस्तक मिटायचं, हे तिथं चालत नाही. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : हा दुसरा कागद पहिल्याच्या जोडीला असतो, त्याच्या जागी नाही. तिथंही अध्यापनाचं शिक्षण सोडून फक्त श्रद्धेवर कुणी पूर्ण पात्र शिक्षक होत नाही.

भारतात मिशनच्या शाळांमध्ये इतर धर्मांचे शिक्षकही शिकवतात. त्यांच्याकडून अपेक्षा काय आहे, प्रार्थनेला हजर राहायचं का, वसतिगृहाची जबाबदारी आहे का, हे आधीच विचारून घ्यावं. विचारण्यात लाज कसली?

४) "अल्पसंख्याक शाळेला टीईटी लागत नाही" : खरं किती?

हे वाक्य अगदीच हवेतलं नाही, पण ते अर्धं आहे. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. ६ मे २०१४ च्या प्रमती निकालात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असं म्हटलं. टीईटीची अट याच कायद्यातल्या पात्रतेच्या तरतुदीतून येते. म्हणून शाळा म्हणतात, आम्हाला लागत नाही.

पण १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रमतीबद्दलच शंका घेतली आणि अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठापुढे ठेवण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. बाकी शाळांतल्या सेवेतल्या शिक्षकांना मात्र त्याच निकालाने सांगितलं की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असेल तर दोन वर्षांत टीईटी पास व्हा. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांची नोकरी राहील, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही.

मतलब काय, की आज "लागत नाही" म्हणून घेतलेली नोकरी उद्या मोठ्या पीठाच्या निकालाने अडचणीत येऊ शकते. आणि ती शाळा सोडून दुसरीकडे अर्ज करायचा झाला, तर टीईटी आहे का हाच पहिला प्रश्न येणार. जिच्याकडे प्रमाणपत्र आहे तिला निकाल कसाही लागो, झोप लागेल.

५) घरून निघण्याआधी विचारायचे प्रश्न

- वर्ग कोणता? आपली पात्रता त्या वर्गाला बसते का?
- शाळेला शासनाची मान्यता आहे का? अनुदानित की विनाअनुदानित?
- नेमणुकीचा आदेश लेखी मिळणार का? राज्यातल्या खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे. तोंडी शब्दावर पुणं गाठू नका.
- पगार बँकेत जमा होणार का? अनुभवाचा पुरावा त्यातूनच तयार होतो.
- मूळ प्रमाणपत्रं शाळेत ठेवून घेणार का? दाखवा, प्रती द्या, मूळ कागद आपल्याजवळ ठेवा.
- डी.एल.एड. किंवा बी.एड. अजून करायचं असेल तर त्या कॉलेजच्या त्याच अभ्यासक्रमाला एनसीटीईची मान्यता आहे का?

६) मूल अशा शाळेत घालणाऱ्या पालकांसाठी

शिस्त, स्वच्छता, इंग्रजी हे बघून आपण शाळा ठरवतो. "बाई किंवा सर काय शिकलेत?" हे मात्र विचारत नाही. ते विचारा. आणि अजून एक : संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षण घ्यायला भाग पाडता येत नाही. भांडायला जाऊ नका, पण आपला हक्क माहीत असू द्या.

शेवटी

त्या पालकांना मी एवढंच म्हणालो, "भाऊ, शाळा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पोरीला फोन करून सहावी ते आठवीचा गणित-विज्ञानाचा वर्ग मागू द्या. मिळाला तर लेखी आदेश घेऊन जाऊ द्या. आणि मिळो न मिळो, टीईटीच्या पेपर दोनचा अभ्यास आजच सुरू करू द्या."

ते हसून म्हणाले, "सर, तुम्ही पास झाला का टीईटी?"

खरं सांगतो, नाही. मी २००६ साली नोकरीला लागलो, तेव्हा ही परीक्षाच नव्हती. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त आहेत, म्हणजे मलाही बसावं लागणार. पहिले चार दिवस राग आला. वीस वर्षं शिकवून आता परीक्षा? मग बालमानसशास्त्राचं पुस्तक उघडलं आणि लक्षात आलं की वर्गात जे रोज करतो, त्यातल्या निम्म्या गोष्टींचं 'का' आपण विसरलोय. आता रात्री जेवण झालं की तासभर बसतो. माझा पाचवीतला मुलगा समोर बसून माझे प्रश्न तपासतो, आणि चुकलं की लाल पेनाने गोल करतो.

तुमच्या घरातही कुणी तयारी करत असेल तर दोघं मिळून अभ्यासाला बसा. एकट्यापेक्षा नेट लागतो.