व्हायोलिन, विशारद आणि आकाशवाणीची स्पर्धा

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची आहे. ती गुरुजींकडे हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकते. आकाशवाणीच्या राष्ट्रीय संगीत स्पर्धेत तिने उतरावं, असं वाटतं. पण व्हायोलिन पाश्चात्त्य वाद्य, शिवाय ती अजून विशारद नाही, तर अर्ज स्वीकारतील का? तिचं व्हायोलिनही साधंच आहे.
– एक आई, मिरज

उत्तर : ताई, निश्चिंत राहा. वाद्य कुठून आलं यापेक्षा त्यावर काय वाजतं, हे महत्त्वाचं. डी. के. दातार, एन. राजम यांनी गायकी अंगाने व्हायोलिनला आपल्या मैफलीत मानाचं स्थान दिलं. त्यामुळे तिने हिंदुस्थानी वाद्यसंगीतातच नाव द्यावं. विशारदची अट नाही. वयाची अट मात्र आहे, १६ ते २४ वर्षे.

महागडं व्हायोलिन घेऊ नका, ऐन वेळी तर मुळीच नको. हात जुन्या वाद्याला सरावलेला असतो. या वाद्याला पडदे नसतात, बोट केसभर सरकलं तरी सूर ढळतो आणि परीक्षकांचा कान नेमका तिथेच असतो. म्हणून अनवट राग टाळून यमन किंवा बागेश्रीसारखा पक्का बसलेला राग निवडावा. ठरलेल्या वेळात आलाप, विलंबित आणि द्रुत बसवण्याचा सराव तबल्यासोबत करावा. मींड संथ, भरीव हवी. नुसत्या वेगाने छाप पडत नाही. पावसाळी हवेत तारांचा सूर हलतो, तेव्हा जास्तीच्या तारा आणि रोझिन जवळ असू द्या.

वय कोणत्या तारखेला मोजतात, हे त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहा. सांगली केंद्रात चौकशी करता येईल.