फुलावर गेलेला भाजीपाला : बीं कोणाचें धरावें ?

माघ-फाल्गुनांत नागपूर भागांतील मळ्यांत काढावयाचे राहून गेलेले मुळे, मेथी व कोथिंबीर फुलावर येतात. दिवस मोठा होऊन ऊन वाढलें कीं मुळ्याचा दांडा वर निघतो, मूळ जून व पोकळ होतें, आणि बहुतेक बागाईतदार तो वाफा उपटून गुरांपुढें टाकतात. तो राहूं दिल्यास लाभ कोणता व धोका कोणता, हें पाहूं.

पहिला लाभ कीटकांचा. कोथिंबिरीच्या फुलांवर मधमाशा येतात. ज्यांच्या अळ्या मावा खातात अशा माशाही येतात. काकडी, कारलें, दोडका यांचीं नर व मादी फुलें वेगळीं असल्यामुळें त्यांस मधमाशांची गरज असते. तेव्हां हा वाफा वेलांच्या शेजारीं असावा. दुसरा लाभ स्वयंपाकघराचा : मुळ्याच्या कोंवळ्या शेंगा, म्हणजे डिंगऱ्या, यांची भाजी उत्तम होते.

तिसरा लाभ बियांचा. परंतु धोकाही येथेंच आहे. जें झाड आधीं फुलतें त्याचें बीं आधीं हातीं येतें, म्हणून तेंच धरलें जातें. फुलण्याची घाई हा गुण पुष्कळ अंशीं आनुवंशिक आहे. असें बीं वर्षानुवर्षें धरल्यास घरचा मुळा पोसण्यापूर्वींच फुलूं लागतो, आणि दोष मात्र जमिनीस दिला जातो.

यास्तव पुढील रीत ठेवावी :

१. लवकर फुललेल्या मुळ्याच्या डिंगऱ्या खाव्या. पण निवडलेलीं झाडें फुलण्यापूर्वीं तीं उपटावीं. नाहीं तर मधमाशा त्यांचा पराग इकडे आणतील.

२. मुळे उपटून पाहावे. सरळ व भरलेले निवडावे, टोंक व पाला छाटून पुन्हा लावावे. मुळा स्वतःच्या परागानें बहुधा फळत नाहीं. म्हणून एक-दोन नव्हे, बरींच झाडें एकत्र ठेवावीं.

३. दुसऱ्या जातीचा फुललेला मुळा सुमारें १००० मीटरपर्यंत नसावा. मेथी बहुतांशीं स्वपरागी असल्यानें तिला इतकी काळजी नको.

४. संकरित वाणाचें बीं धरूं नये. पुढील पीक एकसारखें येत नाहीं.

५. शेंगा झाडावर वाळल्यावर काढाव्या, मळून बीं सावलींत सुकवावें व घट्ट झांकणाच्या डब्यांत भरावें.

२००१ च्या कायद्यानें शेतकऱ्यास आपलें बीं राखण्याचा, बदलण्याचा व छापाविना विकण्याचा हक्क दिला आहे. अकोले तालुक्यांतील राहीबाई पोपेरे यांनीं देशी बियाणें जतन केलीं. त्यांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली. हक्क कागदावर आहे. तो वाफ्यांत राखणें आपल्या हातीं आहे.