न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं

भाईंदरजवळच्या मुर्ध्यातलं आजोबांचं घर विकायला काढलं तेव्हा एजंटाचा पहिलाच सल्ला होता, "विचारतील तेवढंच सांगा." गिऱ्हाईक बोरिवलीचं, घाईतलं. घरपट्टीची पावती वडिलांच्या नावावर बघूनच त्याचं समाधान झालं होतं. आता घरपट्टी म्हणजे कर भरल्याचा कागद, मालकीचा नव्हे. पण मालकीचा कागदही त्याने विचारला नाही.

त्याला ठाऊक नसलेल्या दोन गोष्टी आमच्याकडे होत्या. आत्याचं हक्कसोडपत्र शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नुसतं नोटरी केलेलं होतं. आणि मोठ्या भरतीला जोराचा पाऊस असला की मागच्या खोलीत पाणी चढायचं. विक्री मार्चमधली, भिंतींना ताजा रंग. कुणाला कळणार?

कायदा नेमका इथेच विक्रेत्याला धरतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ५५ सांगतं की मालमत्तेतला किंवा मालकीहक्कातला महत्त्वाचा दोष तुम्हाला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधी काळजी घेऊनही त्याला तो सापडणार नसेल, तर तो न विचारता सांगायचा. तो दडवणं म्हणजे कपट, असं त्याच कलमात लिहिलंय. पाहताक्षणी दिसणारी भेग यात येत नाही. रंगाखाली गेलेली पाण्याची खूण येते. शिवाय कागद मागितले तर दाखवायचे आणि विचारलेल्या प्रश्नांना माहितीप्रमाणे खरी उत्तरं द्यायची. कॅलिफोर्नियात यासाठी विक्रेत्याला छापील फॉर्मच भरून द्यावा लागतो. आपल्याकडे तसा फॉर्म नाही, म्हणून बंधनही नाही असा समज पसरलाय. रेरा कायद्यातली बिल्डरवरची बंधनं जुनं घर विकणाऱ्याला लागत नाहीत हे खरं, पण कलम ५५ लागतं.

आत्याची बाब जास्त गंभीर होती. स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र नोंदवलेलं नसेल तर हिस्सा सुटतच नाही. मुलींना हक्क २००५ पासून मिळाला, असं गावात सर्रास ऐकू येतं. तो वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला. मृत्युपत्र न करता गेलेल्या बापाच्या स्वकष्टार्जित घरात मुलगी १९५६ पासून वारस आहे. आमचं घर आजोबांच्या कमाईचं होतं. चुलतभाऊ कुरकुरला, पण आत्याला तिचा वाटा देऊन खरेदीखतात 'लिहून देणार' म्हणून तिलाही घेतलं. पाण्याचंही स्पष्ट सांगितलं. गिऱ्हाइकाने भाव पाडला. पाडू दिला, कारण फसवणुकीच्या दाव्याची मुदत ती उघड झाल्यापासून मोजतात, आणि पावसाळा काही फार लांब नव्हता.

आमच्या पट्ट्यात आणखी एक भानगड असते: आरक्षण आणि भूसंपादन. मेट्रो ९ ची कारशेड आधी राई-मुर्धा-मोर्वा इथे ठरली होती. गावकऱ्यांच्या विरोधानंतर ती डोंगरीकडे हलवायचं ठरलं. विकास आराखड्यातलं आरक्षण महापालिकेत जाऊन कुणालाही पाहता येतं. तुमच्या कपाटातली भूसंपादनाची किंवा रस्तारुंदीची नोटीस मात्र फक्त तुम्हालाच माहीत असते. ती दाखवा. भाईंदरच्या जुन्या इमारतीतला फ्लॅट विकत असाल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल, महापालिकेची नोटीस, सोसायटीतला पुनर्विकासाचा ठराव आणि थकलेला मेंटेनन्सही सांगा. बँकेचा बोजा, कोर्टातला दावा, भाडेकरू यांचा उल्लेख तर नुसता तोंडी नकोच.

तोंडी सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही. आमच्या वकिलीणबाईंनी प्रत्येक गोष्ट साठेखतातच घातली: पाणी कधी आणि कुठल्या खोलीत येतं, छप्पर कधी बदललं, कर कुठवर भरलाय. विक्रीच्या तारखेपर्यंतचा कर विक्रेत्याच्याच माथी असतो. "मिळकत निर्वेध व निजोखमी आहे" हे ठरावीक वाक्य त्यांनी आत्याचा प्रश्न सुटेपर्यंत मसुद्यात येऊ दिलं नाही. पुष्कळजण ते न वाचताच सही करतात.

पूर्ण रक्कम हाती आली की मूळ कागद खरेदीदाराला द्यावे लागतात. देताना त्यांची यादी करून पोच घ्या, आणि त्या यादीत जुन्या नोटिसाही घाला.