छोट्या धंद्याला जाब विचारणार कोण?

नागपूर जिल्ह्यातील मौदा हे तालुक्याचे ठिकाण कन्हान नदीच्या काठी, नागपूर-भंडारा महामार्गावर वसले आहे. भोवतालचा मुलूख धानाचा. एनटीपीसीचे 2320 मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्रही याच तालुक्यात आहे. अशा गावी किराणा, पिठाची चक्की, शिवणकाम, पंक्चरदुरुस्ती, चहा-नाश्ता असे लहान व्यवसाय शेतीच्या जोडीने उभे राहतात.

या व्यावसायिकांची भांडवलाची अडचण सर्वश्रुत आहे. दुसरीची चर्चा फारशी होत नाही. नोकरदाराला वरिष्ठ असतो, सहकारी संस्थेला वार्षिक सभा व लेखापरीक्षण असते. एकट्या दुकानदाराला मात्र जाब विचारणारा कोणी नसतो. गल्ल्यातून घरखर्चासाठी उचल होते, तिची नोंद राहत नाही. किराण्याला जोड म्हणून झेरॉक्स, मग भाजीपाला, मग कटलरी अशी कामे वाढत जातात आणि कोणत्या कामाने पैसा दिला व कोणत्या कामाने तो खाल्ला, हे मालकालाच उमगत नाही. रोवणीपासून कापणीपर्यंत उधारी वाढते. ती वहीत नसेल, तर धान घरी आल्यावर मागायची तरी कोणत्या आधाराने?

या बाबतीत लिज्जत पापडाचा आरंभ अभ्यासण्याजोगा आहे. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातील सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली. पहिल्या दिवसाचे उत्पादन चार पाकिटांचे होते. प्रारंभी हलक्या व चांगल्या अशा दोन प्रतींचे पापड काढण्याचा विचार होता. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी एकच उत्तम प्रत ठेवावी व हिशेब चोख राखावा, असा आग्रह धरला. पुढे जी पद्धत रुळली ती अशी : भगिनींनी भिजवलेले पीठ घरी न्यावे, लाटलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून द्यावेत, ते तपासून व तोलून मोबदला मिळावा. चूक झालीच तर ती महिनाअखेरीस नव्हे, दुसऱ्या सकाळी दिसते. याच संस्थेचे आगपेट्या व अगरबत्तीचे प्रयत्न मात्र यशस्वी झाले नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

ग्रामीण भागात जाब विचारण्याची सवय बचत गटांनी रुजविली. महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना 1975 साली झाली. नाबार्डने गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम 1992 साली हाती घेतला. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, परतफेड आणि अद्ययावत लेखे ही पंचसूत्री आज गावोगावच्या महिलांना तोंडपाठ आहे. पण येथे एक उणीव स्पष्टपणे सांगितली पाहिजे. गट हप्ता विचारतो, धंदा विचारत नाही. मजुरीच्या पैशातून हप्ता वेळेवर भरणाऱ्या भगिनीचे शिलाईयंत्र घरात बंद पडलेले असू शकते आणि गटाच्या दप्तरी तिचे खाते निर्दोष दिसते.

ही उणीव भरून काढण्यास नवी योजना लागत नाही. बैठकीत हप्त्यानंतर प्रत्येकीला तीन आकडे विचारता येतील : आठवड्याची विक्री, खरेदी आणि घरासाठी केलेली उचल. पुढच्या आठवड्यात करावयाचे एकच काम तिने सांगावे व ते बैठकीच्या वहीत लिहिले जावे. गटाबाहेरच्या पुरुष दुकानदारांना हेच चार-पाच जणांत करता येईल. फक्त एकाच मालाचे दोन विक्रेते एका टोळक्यात नसावेत, नाहीतर खरे आकडे कोणी सांगणार नाही. आकडेमोड जमत नसेल तेथे शाळेतील शिक्षकांनी रोजकीर्दीचे एक पान आखून द्यावे. पंचायत सदस्यांनी मात्र या वहीपासून दूर राहणे बरे. गावातील उधारीची नावे त्यात असतात, आणि ती चावडीवर गेली की दुसऱ्या दिवसापासून वही कोरी राहते.