श्रवणाचे यंत्र कसे पारखावे

नवविधा भक्तीत श्रवण पहिले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण हल्ली वय झालेल्या माणसाला हे श्रवण घडते कशातून, तर बहुतेक घरांत खिशात मावणाऱ्या एखाद्या डबीतून. ती डबी विकत घेताना काय पाहावे, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. दुकानदार किंमत सांगतो आणि आत किती हजार गाणी मावतील ते सांगतो. मी दोनदा फसलो, तिसऱ्यांदा जमले. वडीलधाऱ्यांसाठी असे काही घ्यायचे ज्यांच्या मनात असेल, त्यांच्यासाठी ही हकीकत लिहितो आहे.

आमच्या घरी सप्ताहाची पोथी दादा वाचत आणि आई समोर पाटावर बसून ऐकायची. गुरुचरित्र स्त्रियांनी वाचू नये, ऐकावे, असा आमच्याकडचा जुना रिवाज. तो बरोबर की चूक, हा आजचा विषय नाही. सांगायचे एवढेच की आईची पोथी म्हणजे दादांचा आवाज. १९८७ साली बहिणीने हट्ट धरला म्हणून दादांनी टेपरेकॉर्डरसमोर बसून एकेक अध्याय भरायला घेतला. नव्वद मिनिटांच्या अकरा कॅसेटी झाल्या, चाळिसाव्या अध्यायापर्यंत. पुढचे राहून गेले. दादांना जाऊनही आता बरीच वर्षे झाली. आई सत्याऐंशी वर्षांची आहे, आणि काचबिंदूने तिची दृष्टी गेली त्याला सहा वर्षे झाली. टेपरेकॉर्डरचे पट्टे मिळेनासे झाले, तेव्हा कॅसेटी डिजिटल करून घ्याव्यात असे ठरले.

गावातल्या एका दुकानात त्या दिल्या. आठ दिवसांनी एक प्लेअर आणि त्यात नखाएवढे कार्ड हातात आले. ‘खरखर सगळी काढून टाकलीय काका, एकदम क्लीन,’ असे दुकानातला मुलगा म्हणाला. मी हौसेने आईच्या कानाला लावले. तिने दोन मिनिटे ऐकले आणि इअरफोन काढून माझ्या हातात दिला.

“हे ते नव्हेत रे. दुसरंच कुणीतरी वाचतंय.”

मला वाटले प्लेअर स्वस्तातला, म्हणून असे झाले. चौपट किंमतीचा दुसरा आणला. त्यातही आईला दादा सापडले नाहीत. इथे माझी पहिली चूक कळली: दोष यंत्रात नव्हताच, तो आतल्या फायलीत होता. पुण्याला ध्वनिमुद्रणाचे काम करणारा माझा भाचा आहे, त्याने ऐकताच सांगितले. ‘मामा, हा आवाज आधी धुतलाय आणि मग पिळलाय!’

म्हणजे काय, ते थोडे समजून घेऊ. सीडीवर आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० मोजमापे नोंदलेली असतात. अशा पूर्ण स्वरूपातल्या एका मिनिटाला साधारण दहा मेगाबाइट जागा लागते. एवढी जागा पूर्वी परवडणारी नव्हती, म्हणून एमपी३ निघाले. कानाला फारसे जाणवणार नाहीत असे भाग टाकून देऊन आवाज दाबून बसवायचा, ही त्यातली युक्ती. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांचा या कामात मोठा वाटा. त्यांनी आपली पद्धत तपासायला सुझान वेगा या अमेरिकी गायिकेचे एक गाणे वापरले, ज्यात वाद्य एकही नाही, नुसता एकटा आवाज आहे. भरगच्च वाद्यमेळात थोडी काटछाट झाली तर खपून जाते. एकट्या माणसाच्या आवाजात ती लगेच उघडी पडते. हे भाच्याने सांगितले तेव्हा मला आमच्या कॅसेटी आठवल्या. तिथेही एकटा आवाज, आणि बाकी काही नाही.

किती दाबायचे ते आपल्या हातात असते. त्या मापाला बिटरेट म्हणतात, आणि ते केबीपीएसमध्ये सांगतात. १२८ केबीपीएसला मिनिटाला साधारण एक मेगाबाइट लागतो. आमच्या दुकानाने ३२ ठेवला होता. एवढे दाबले की वरचे बारीक स्वर आधी छाटले जातात. स, श, ष एकमेकांत मिसळतात, आणि झांजेचा नाद पाण्यात बुडवल्यासारखा येतो. त्याआधी खरखर काढण्याच्या नादात दादांचा श्वासही पुसला गेला होता. कॅसेटची सूं आणि माणसाचा श्वास यांतला फरक संगणकाला दर वेळी कळतोच असे नाही. सोळा तासांचे वाचन १२८ ने भरले असते तरी एक गिगाबाइटच्या आसपास बसले असते. कार्ड होते बत्तीस गिगाबाइटचे. मग कंजुषी केली कशाला? मी विचारले, तर उत्तर मिळाले, ‘आमची सेटिंग तीच असते.’

भाच्याने कॅसेटी पुन्हा उतरवल्या. खरखर तशीच ठेवली आणि बिटरेट १९२ घेतला. चौदावा अध्याय लावला. आई ऐकत होती. मध्येच तिने हात वर केला.

“आला बघ ठसका. पाणी प्यायले होते तेव्हा, मीच दिलं होतं.”

तो ठसका दुकानाच्या स्वच्छतेत नाहीसा झाला होता.

आता यंत्राकडे येऊ. आवाजाची पारख करताना पहिली खबरदारी ही की दोन प्लेअर नेहमी सारख्याच जोराने लावून ऐकावेत. थोडा मोठा आवाज माणसाला आपोआप चांगला वाटतो. आवडता प्लेअर ऐकवताना दुकानदाराचे बोट नकळत वर सरकते. बास वाढवणारी, आवाजाला रंग चढवणारी सगळी सेटिंग बंद करावीत. इअरफोन दोन्हीकडे एकच लावावा आणि तो आपल्या घरचा न्यावा. ऐकायला दुकानदाराचे नमुन्याचे गाणे घेऊ नये. आपल्याला शब्दन्‌शब्द पाठ असलेले काही न्यावे.

आम्ही मिरजेचे, त्यामुळे मी बरोबर नेला तंबोरा. म्हणजे त्याचे रेकॉर्डिंग. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढतात. तो धागा केसभर इकडचा तिकडे झाला की तंबोरा बसतो. चांगल्या तंबोऱ्यात एका तारेतून वरचे अनेक स्वर उमलताना ऐकू येतात. प्लेअर आणि फाइल दोन्ही ठीक असतील तर ते उमलणे राहते, नाहीतर नुसता गुणगुणाट उरतो. दुसरी परीक्षा झांजेची: ठोका स्वच्छ हवा आणि त्यामागची लांबट गुंज हळूहळू विरायला हवी. तिसरी परीक्षा शांततेची. वाचणारा दोन ओव्यांमध्ये थांबतो तिथे कान द्या. रेकॉर्डिंगमध्ये नसलेली शीळ किंवा कुजबुज तिथे आली, तर ती यंत्राची.

मग मी एक गंमत केली. जुना स्वस्तातला आणि नवा चौपट किंमतीचा, असे दोन्ही प्लेअर टॉवेलखाली ठेवले. जोर सारखा केला. नातवाला सांगितले, वाटेल तो लाव, मी ओळखतो. दहा वेळांपैकी पाच वेळा माझे बरोबर आले. म्हणजे नाणे उडवले असते तरी तेवढेच आले असते. उलट इअरफोन बदलला तेव्हा फरक डोळे मिटून कळला. ज्याचे बजेट हजार-दोन हजारांचे आहे त्याला मी हेच सांगेन की साधा प्लेअर घ्या आणि वाचलेले पैसे कानाशी खर्च करा.

त्या खेळात आणखी एक कळले. झांजेची गुंज नातवाला माझ्यापेक्षा कितीतरी वेळ ऐकू येत होती. वय वाढते तसे वरचे स्वर आधी जातात. त्यामुळे शब्द मोठा ऐकू येतो पण स्पष्ट येत नाही, आणि म्हातारे माणूस ‘पुटपुटू नका’ म्हणून घरच्यांवर चिडते. तेव्हा प्लेअर ज्याच्यासाठी घ्यायचा त्यानेच ऐकून निवडावा. माझ्या कानाने आईचा प्लेअर निवडणे म्हणजे माझ्या चष्म्याने तिने वाचणे. बास वाढवला की अशा कानाला शब्द आणखीच गढूळ होतात, हेही ध्यानात ठेवावे. आणि जोर वाढवत नेऊ नये. मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास, ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे. आवाज त्याहून चढला की तास झपाट्याने कमी होतात.

एवढे सगळे जमले तरी आईला प्लेअर वापरता येईना. तो चौपट किंमतीचा प्लेअर काचेच्या पडद्याचा होता. काचेवर बोट फिरवून दिसत नसलेल्या माणसाने काय शोधायचे? चुकून कुठेतरी हात लागला आणि गाणी उलटसुलट लावणारी सोय चालू झाली. पहिल्या अध्यायानंतर एकतिसावा, मग सहावा. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिला वाटले, आपलेच ध्यान लागत नाहीये.

ऐकण्याच्या यंत्राची परीक्षा डोळे बंद करून घ्यावी, ती अशी. पहिले आयपॉड २००१ मध्ये निघाले, त्यात ५ गिगाबाइटची जागा होती आणि हजार गाण्यांची जाहिरात होती. त्याचे नाव झाले त्याला एक कारण पुढच्या बाजूचे चाक होते. अंगठ्याने फिरवून हवे ते गाठता येई. २०२२ मध्ये ते बनवणे बंद झाले. सारेगमाने २०१७ मध्ये कारवां आणले तेव्हा त्यातही आधीच भरलेली पाच हजार गाणी आणि मोठी, फिरवायची बटणे होती, आणि ते घराघरांतल्या आजी-आजोबांना आवडले. पण त्यात गाणी कंपनीने भरलेली. आपल्या घरचे वाचन ऐकायचे असेल तर आपला पेन ड्राइव्ह किंवा कार्ड लागते का, आणि ते लावल्यावर बटणे तशीच चालतात का, ते विचारून घ्यावे.

आम्ही तिसरा प्लेअर घेतला तो खऱ्या, वर उचललेल्या बटणांचा. मधल्या बटणावर मी नेलपॉलिशचा एक जाड थेंब वाळवला, बोटाला खूण म्हणून. बंद करून परत लावला की जिथे सोडले तिथूनच सुरू होतो, हे दुकानात तीनदा करून पाहिले. पोथी ऐकणाऱ्याला ही सोय आवाजाइतकीच महत्त्वाची आहे. चाळीस मिनिटांच्या अध्यायात पस्तिसाव्या मिनिटाला डोळा लागला तर पुन्हा पहिल्यापासून ऐकायचे? चार्जिंगची पिन दोन्ही बाजूंनी बसणारी, सी टाइपची घेतली. जुन्या पिनेची बाजू अंधाराला कळत नाही.

फायलींच्या नावांचेही एक आहे. नुसते १, २, ३ लिहिले तर पुष्कळ प्लेअर १ नंतर १० लावतात, मग ११, आणि २ चा नंबर फार उशिरा येतो. म्हणून ०१, ०२ असे लिहावे. काही स्वस्त यंत्रे नावही पाहत नाहीत, ज्या क्रमाने कार्डावर फाइल चढली त्या क्रमाने वाजवतात. तिथे एकेक करून ओळीने चढवण्याला इलाज नाही. मराठीतले नाव पडद्यावर चौकोन-चौकोन दिसत असेल, तर इंग्रजी आकड्यांवर भागवावे.

गेल्या सप्ताहात आईने सगळे स्वतः लावले. पहाटे उठून उशाखालचा प्लेअर काढायची, थेंब चाचपायची, दादा सुरू व्हायचे. सहाव्या दिवशी चाळिसावा अध्याय संपला. तिथे प्लेअर आपोआप परत पहिल्यावर जाऊ नये म्हणून मी ती सोय आधीच बंद करून ठेवली होती. एक्केचाळिसाव्यापासून पुढे मी पोथी घेऊन तिच्यासमोर बसतो. भाचा म्हणाला, मामा, तेवढे तुमच्या आवाजात भरून टाकू, म्हणजे संच पुरा होईल. आईला विचारले.

“भरू नकोस,” ती म्हणाली, “तू समोर बसूनच वाच.”