पेशीचें दार आणि मीठसाखरेचें पाणी

लांजा तालुक्यांत वैशाख आला कीं घरोघरीं कैरीच्या फोडींस मीठ लावून ठेवितात. दुसऱ्या दिवशीं पाहावें तों भांड्यांत खार सुटलेला असतो. पाणी तर कोणीं घातलें नव्हतें. मग तें आलें कोठून? वाचकहो, तें कैरीच्याच अंगांतून निघालें. कैरी असंख्य सूक्ष्म कोठड्यांची बनलेली असते. ह्या कोठड्यांस पेशी म्हणतात. पेशीच्या पातळ आवरणांतून पाणी सहज जातें येतें, मीठ तसें जात नाहीं. आणि जिकडे मीठ अधिक, तिकडे पाणी ओढलें जातें.

आपलें शरीरही पेशींचेंच बनलेलें आहे. आज आंतड्यांतील पेशीविषयीं तीन गोष्टी शिकूं. कारण त्यांवर लेंकराचा जीव अवलंबून असूं शकतो.

पहिली गोष्ट, ती माल आंत कसा घेते. तिच्या आवरणांत निरनिराळीं दारें असतात. त्यांतील एका दाराची रीत अशी कीं, मिठांतील सोडियम व ग्लुकोज नांवाची साखर हीं दोन्हीं बरोबर आलीं म्हणजे तें त्यांस जोडीनें आंत घेतें. ही रीत रॉबर्ट क्रेन ह्या शास्त्रज्ञानें १९६० सालीं मांडिली. ही जोडी आंत शिरली कीं तिच्यामागून पाणीही शोषलें जातें.

दुसरी गोष्ट, तिला बळ कोठून मिळतें. आंत आलेलें सोडियम तेथेंच सांचलें तर दाराचें काम थांबेल. म्हणून पेशी तें मागल्या बाजूनें रक्ताकडे सारखें लोटीत असते. हें बळ अन्नापासून येतें. पेशींतील तंतुकणिका श्वासानें आलेल्या प्राणवायूच्या साह्यानें अन्नरसांतील शक्ति मोकळी करितात; चुलीप्रमाणें भडका करून नव्हे, तर पायरीपायरीनें.

तिसरी गोष्ट, तिची संतति. पेशी आपल्या आनुवंशिक द्रव्याची प्रत करिते व मग दुभंगून एकीच्या दोन होतात. आंतड्याचें अस्तर अशा रीतीनें सुमारें तीन ते पांच दिवसांत नवें होतें. म्हणून हगवणीच्या रोग्यास उपाशी ठेवूं नये. झिजलेलें अस्तर अन्नावांचून भरून येणार नाहीं.

पटकीचें विष पेशींकडून मीठ व पाणी बाहेर ओतविते. परंतु मीठसाखरेचें तें जोडदार चालूंच राहतें. १९७१ सालीं बांगलादेशाच्या युद्धांत बंगालमधील बनगांव येथें निर्वासितांत पटकी पसरली, आणि शिरेंतून द्यावयाचें पाणी पुरेना. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं क्षार व ग्लुकोज पाण्यांत मिसळून तें रोग्यांस पाजविलें. शंभरांत सुमारें तीस मरत होते, ते चारांहून कमी मरूं लागले.

पहिल्या पावसानें विहिरी गढूळल्या म्हणजे आपणही सावध असावें. जुलाब सुरू होतांच क्षारसंजीवनीची पुडी तिच्यावर लिहिल्याइतक्या पाण्यांत कालवून द्यावी. पुडी नसल्यास उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यांत साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे व मिठाचा अर्धा सपाट चमचा विरघळवावा. मीठ अधिक घालूं नये. कैरीचें काय होतें तें आपण पाहिलेंच. पाणी अश्रूंहून खारट लागल्यास टाकून द्यावें. मूल ओकलें तरी दहा मिनिटें थांबून पुन्हां चमच्याचमच्यानें पाजावें. तें पाणी दुसऱ्या दिवशीं वापरूं नये. आईचें दूध बंद करूं नये. थोडें मीठ घातलेली पेजही चांगली, कारण तांदळाच्या पिठुळ अंशाचें पोटांत ग्लुकोजच होतें.

मूल निपचित पडलें, पिईनासें झालें, किंवा शौचांत रक्त दिसलें, तर विलंब न करितां दवाखाना गांठावा. आणि वाटेनेंही तें पाणी पाजीत राहावें.